एकच गेम पुन्हा पुन्हा का बनवतात? ड्रॅगन क्वेस्ट ३ आणि त्याच्या रिमेकची गोष्ट

रिमेक म्हटलं की बऱ्याच जणांना वाटतं, जुना गेम घ्यायचा, त्याला चकाचक ग्राफिक्स चढवायचे आणि परत विकायला काढायचा. काही रिमेक तसे असतातही. पण मनापासून रिमेक करायला बसलं की एक भलताच अवघड प्रश्न समोर येतो, की जुन्या गेममधल्या ज्या गोष्टी आज विचित्र वाटतात त्यातल्या कुठल्या बनवणाऱ्यांनी ठरवून केल्या होत्या आणि कुठल्या निव्वळ मशीनमध्ये जागा नव्हती म्हणून नाइलाजाने तशा राहिल्या. ठरवून केलेलं ठेवा आणि नाइलाजाचं काढून टाका, इतकं सोपं असतं तर प्रश्नच मिटला होता, पण कधीकधी नाइलाजातूनच गेममधली सगळ्यात भारी गोष्ट जन्माला आलेली असते आणि ती काढली की गेमचा जीवच जातो.

हे समजून घ्यायला ड्रॅगन क्वेस्ट ३ घेऊया. जपानमध्ये १० फेब्रुवारी १९८८ ला निन्टेंडोच्या फॅमिकॉमवर हा गेम आला. फॅमिकॉम म्हणजे तेच मशीन ज्याच्या स्वस्त नकला आपल्याकडे ९० च्या दशकात घरोघरी होत्या आणि ज्यांच्यावर आपण कॅसेट लावून मारिओ आणि काँट्रा खेळायचो. प्रकाशक एनिक्स, कोडिंग चुनसॉफ्टचं, गोष्ट आणि डिझाइन युजी होरीचं, चित्रं अकिरा तोरियामाची (हो, ड्रॅगन बॉलवालाच) आणि संगीत कोइची सुगियामाचं. त्यानंतर हाच गेम १९९६ मध्ये सुपर फॅमिकॉमवर नव्याने बनवला, २००० मध्ये गेम बॉय कलरवर आला, पुढे मोबाइलवर आला, २०१९ मध्ये स्विचवर आला आणि १४ नोव्हेंबर २०२४ ला त्याचा सगळ्यात मोठा रिमेक आला. मधल्या काळात एनिक्स आणि स्क्वेअर या दोन कंपन्या २००३ मध्ये एक झाल्या, पण या गेमवर परत परत काम करणं काही थांबलं नाही.

जपानमध्ये हा गेम म्हणजे काय प्रकरण आहे ते आधी सांगतो. १९८८ मध्ये तो बुधवारी बाजारात आला आणि दुकानांबाहेर इतक्या रांगा लागल्या की शाळा बुडवून आलेल्या शेकडो मुलांना पोलिसांनी हटकलं. त्यावरून एक गोष्ट जगभर पसरली की जपान सरकारने म्हणे कायदाच केला, ड्रॅगन क्वेस्ट कामाच्या दिवशी विकायचा नाही. असा कायदा कधीच झालेला नाही, कंपनीनेच पुढचे भाग शनिवारी किंवा सुट्टीच्या दिवशी आणायला सुरुवात केली इतकंच. पहिल्या आवृत्तीच्या सुमारे ३८ लाख कॅसेट जपानमध्ये खपल्या. आणि २०२१ मध्ये टोकियो ऑलिंपिकच्या उद्घाटनाला खेळाडूंचं संचलन सुरू झालं तेव्हा स्टेडियममध्ये पहिली धून वाजली ती याच मालिकेची. आपला संघही त्याच संचलनात चालत होता, टीव्हीवर बघणाऱ्या आपल्यापैकी बहुतेकांच्या कानावरून ती धून गेलेली आहे.

आता ज्यांनी असला गेम कधी खेळलाच नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. रोल प्लेइंग गेम म्हणजे तुम्ही एका पात्राच्या जागी असता आणि ते पात्र हळूहळू वाढत जातं. गावात फिरायचं, लोकांशी बोलायचं, कोण काय सांगतंय ते लक्षात ठेवायचं, गावाबाहेर पडलं की राक्षस आडवे येतात, त्यांच्याशी लढायचं, अनुभव मिळतो, लेव्हल वाढते, पैसे मिळतात, त्यातून बरी तलवार घ्यायची आणि थोडं आणखी लांब जायचं. लढाईत बोटांची चपळाई लागत नाही. प्रत्येक फेरीत तुम्ही आपल्या पात्रासाठी आणि साथीदारांसाठी हुकूम निवडता, हल्ला, मंत्र, बचाव किंवा सामान वापर, आणि मग प्रत्येकाच्या चपळाईप्रमाणे कोण आधी कोण नंतर हे गेम ठरवतो. म्हणजे डोकं हिशोबात लावायचं, की या फेरीत जखमी साथीदाराला बरं करू की शत्रू एका घावात मरेल अशी आशा धरू.

ही कल्पना होरीची नव्हे, अमेरिकेत कॉम्प्युटरवर विझर्डरी आणि अल्टिमा हे गेम आधीपासून होते आणि होरी त्यांचा चाहता होता. पण ते गेम कीबोर्डवर खेळायचे, अवघड होते, कुणी समजावून सांगणारं नाही. होरीने तेच सगळं चार बाणांच्या आणि दोन बटणांच्या कंट्रोलरवर बसवलं, हुकमांची छोटी खिडकी उघडायची, बाणाने निवडायचं, बटण दाबायचं, बस. मांसाहून जास्त चिखल वाटावा असा एक लिबलिबीत राक्षस होरीने कागदावर काढून दिला, तोरियामाने त्याचा पाण्याच्या थेंबाच्या आकाराचा गोंडस हसरा स्लाइम केला आणि तो पुढे अख्ख्या मालिकेचा चेहरा झाला. पहिला भाग १९८६ चा, त्यात हिरो एकटाच. दुसरा १९८७ चा, त्यात तिघं. तिसऱ्यात चौघं, आणि हिरो सोडून बाकी तिघं तुम्ही स्वतः बनवलेले.

आता जागेचा प्रश्न. ड्रॅगन क्वेस्ट ३ ची कॅसेट २५६ किलोबाइटची होती. सकाळी सकाळी व्हॉट्सअ‍ॅपवर गुड मॉर्निंगचा जो फुलाचा फोटो येतो तोही बऱ्याचदा याहून मोठा असतो. एवढ्या जागेत अख्खं जग, डझनावारी गावं आणि गुहा, शंभराहून जास्त राक्षस, सगळे संवाद आणि सगळं संगीत. हे जमवायला काय काय केलं बघा. राक्षसाचं एकच चित्र घ्यायचं आणि रंग बदलून त्याचे दोन तीन वेगळे राक्षस करायचे. जमीन, भिंत, झाड सगळं छोट्या चौकोनी तुकड्यांचं, तेच तुकडे फिरवून फिरवून सगळी गावं उभी करायची. आणि इतकं करूनही जागा पुरेना तेव्हा त्यांनी गेमची सुरुवातच कापली. म्हणजे त्या काळातला सगळ्यात जास्त वाट पाहिलेला गेम चालू केला की समोर काय, तर काळा पडदा आणि त्यावर नुसती अक्षरं. ना चित्र, ना मालिकेची ती प्रसिद्ध धून.

सगळ्यात वाईट फटका बसला तो हिरोच्या बापाला. गोष्ट अशी आहे की आलियाहान नावाच्या राज्यात तुमचा सोळावा वाढदिवस असतो, आई झोपेतून उठवते आणि राजाकडे घेऊन जाते. तुमचा बाप ओर्तेगा हा मोठा योद्धा, बारामोस नावाच्या राक्षसराजाला मारायला निघाला होता आणि ज्वालामुखीत पडून गेला असं सगळे सांगतात. आता ते काम तुमचं. पूर्ण गेमभर गावोगावचे लोक ओर्तेगाबद्दल आदराने बोलतात, इथे येऊन गेला, तिथे आजारी पडला होता, अमक्याला मदत केली. आणि शेवटाकडे तो खरंच दिसतो तेव्हा १९८८ च्या आवृत्तीत त्याच्यासाठी वेगळं चित्र ठेवायला जागाच नव्हती, म्हणून कांडाटा नावाच्या एका चोराचं चित्र रंग बदलून वापरलं. कांडाटा म्हणजे तोंडावर बुरखा आणि अंगावर जेमतेम चड्डी. ज्या बापाची वाट पूर्ण गेमभर पाहिली तो असा समोर येतो, आणि तोही गेममधल्या सगळ्यात दुःखद प्रसंगात. हा शुद्ध नाइलाज. १९९६ च्या रिमेकने त्याला स्वतःचा चेहरा दिला, सुरुवातीला त्याची ज्वालामुखीच्या तोंडावरची लढाई दाखवली, आणि मला विचाराल तर या गेमच्या सगळ्या रिमेकमध्ये मिळून यापेक्षा योग्य बदल दुसरा झालेला नाही.

मात्र सगळेच नाइलाज असे नसतात. याच जागेच्या मारामारीतून एक सवय लागली होती, कमी बोलायची. होरीचे संवाद एक दोन वाक्यांचे असतात. गावकरी पूर्ण उत्तर देत नाही, अर्धं देतो, उरलेलं दुसऱ्या गावात दुसरा कुणीतरी देतो आणि ते जोडायचं काम तुमचं. या गेममध्ये दिवस आणि रात्र होते, रात्री दुकानं बंद, काही लोक फक्त रात्रीच भेटतात. आता टेडॉन नावाचं एक गाव आहे. तुम्ही रात्री तिथे पोचलात तर गाव नेहमीसारखं, लोक हिंडतायत, गप्पा मारतायत. दिवसा गेलात तर सगळं उद्ध्वस्त, जमिनीवर विषारी दलदल, हाडांचे सापळे आणि चिटपाखरू नाही. राक्षसांनी हे गाव कधीच संपवलंय आणि रात्री दिसणाऱ्या लोकांना आपण मेलोय हे माहीतच नाही. तिथल्या तुरुंगात एक कैदी आहे, तो रात्री तुम्हाला एक अत्यंत महत्त्वाची वस्तू देतो, आणि दिवसा त्याच कोठडीत नुसता सापळा पडलेला असतो. हे सगळं कुठलाही सिनेमा न दाखवता, कुणी भाषण न देता, त्याच चार चौकोनी तुकड्यांतून उभं केलंय. कुणी येऊन समजावत नाही, तुम्हालाच कळतं आणि म्हणून ते डोक्यातून जात नाही.

जगाचा नकाशा हा तर या गेमचा खजिना आहे आणि आपल्यासाठी त्यात खास गंमत आहे. नकाशा उघडलात की तो आपल्या पृथ्वीच्या नकाशासारखाच दिसतो, ठरवून तसा केलाय. इटलीच्या जागी रोमालिया, इजिप्तच्या जागी पिरॅमिडवालं इसिस, इंग्लंडच्या जागी एडिनबेअर जिथला पहारेकरी तुम्हाला गावंढळ म्हणून आत सोडत नाही, जपानच्या जागी जिपांग जिथे ओरोची नावाच्या अनेक मुंड्यांच्या सापाला मुली बळी दिल्या जातायत. आणि पोर्तुगालच्या जागी पोर्तोगा. पोर्तोगाच्या राजाकडे जहाज मागायला गेलात की तो म्हणतो, पूर्वेकडे काळी मिरी नावाची चीज मिळते म्हणे, ती आणून द्या, जहाज तुमचं.

काळी मिरी! वास्को द गामा १४९८ मध्ये कालिकतला उतरला तो याच्याच मागे आणि १५१० मध्ये आल्बुकर्कने गोवा घेतला तोही याच व्यापारासाठी. आपल्या किनाऱ्याचा साडेचारशे वर्षांचा इतिहास ज्या मसाल्याने फिरवला तो एका जपानी गेमडिझायनरने उचलून बरोबर जागेवर बसवलाय. राजाचं पत्र घेऊन तुम्ही डोंगरातल्या एका बुटक्याकडे जाता, तो पूर्वेकडची गुप्त वाट उघडून देतो, तिथून चालत चालत भारताच्या जागी असलेल्या बहाराता नावाच्या गावात पोचता. पवित्र नदीच्या काठचं गाव. मिरीच्या दुकानात जाता तर मिरी नाही, कारण दुकानदार म्हाताऱ्याची नात तानिया हिला पळवून नेलंय. तिचा होणारा नवरा, त्याचं नाव गुप्ता, एकटाच तिला सोडवायला निघतो आणि तोही पकडला जातो. पळवणारा कोण, तर तोच चड्डीवाला कांडाटा. त्याला हरवलं की तो गयावया करतो, सोडा म्हणतो, नाही म्हणालात तर परत तेच विचारतो, परत नाही तर परत तेच, शेवटी तुम्हाला हो म्हणावंच लागतं. सुटल्यावर गुप्ता दुकान सांभाळायला लागतो आणि तुम्हाला मिरी फुकट देतो. ती नेऊन राजाला दिली की जहाज मिळतं आणि इथून पुढे गेम अख्खा मोकळा होतो, कुठेही जा.

हे डिझाइन म्हणून किती हुशार आहे बघा. जहाज मिळेपर्यंत गेमने तुमचं बोट धरलेलं असतं, एकामागून एक ठरलेली गावं. जहाज मिळालं की सहा ऑर्ब म्हणजे जादूचे गोळे शोधायचे, कुठे आहेत ते कुणी सरळ सांगत नाही, कुठल्याही क्रमाने शोधा. आणि तुम्ही हरवत नाही, कारण हा नकाशा तुम्हाला शाळेपासून पाठ आहे. नवखं जग, तरी ओळखीचं. उत्तर अमेरिकेच्या किनाऱ्याला ओसाड जमिनीवर एक म्हातारा गाव वसवायचं म्हणत बसलेला असतो, त्याला एक व्यापारी हवा असतो. तुमच्या चौघांपैकी व्यापारी तिथे सोडून द्यायचा. नंतर येऊन बघाल तर दुकान, मग घरं, मग अख्खं शहर, तुमच्या व्यापाऱ्याच्या नावाचं. आणखी काही काळाने याल तर लोकांनी उठाव केलाय कारण त्याने सगळ्यांना राबराबवून घेतलं, आणि तो तुरुंगात. ज्याला तुम्हीच नाव दिलं, ज्याला लेव्हल वाढवून मोठा केला, तो तुरुंगाच्या गजामागून तुमच्याशी बोलतो आणि ऑर्ब कुठे लपवलाय ते सांगतो. अमेरिकेच्या जागी ही गोष्ट ठेवलीय, समजणारा समजून घेतो.

साथीदार बनवायची पद्धत हाही मोठा मुद्दा. लुइदाच्या गुत्त्यात जायचं आणि योद्धा, पैलवान, मांत्रिक, पुजारी, व्यापारी, विदूषक यातले कुठलेही तिघं नाव देऊन उभे करायचे. लेव्हल २० झाली की धर्मा मंदिरात जाऊन धंदा बदलता येतो, म्हणजे पुजाऱ्याचा योद्धा करता येतो. किंमत ही की लेव्हल परत १ होते आणि ताकदीचे सगळे आकडे अर्धे होतात, पण शिकलेले मंत्र राहतात. त्यामुळे गंमत अशी होते की २० व्या लेव्हलला बदलायचं की आणखी मंत्र शिकेपर्यंत थांबायचं यावर जपानमध्ये मुलांनी वर्षानुवर्षं वाद घातले. विदूषक तर लढाईत कामाचाच नाही, हुकूम ऐकत नाही, मध्येच टवाळक्या करत बसतो. पण त्याला २० लेव्हलपर्यंत सांभाळलात तर तो कुठल्याही पुस्तकाशिवाय थेट ऋषी होतो, म्हणजे मांत्रिक आणि पुजारी दोघांचे मंत्र येणारा. बाकी कुणालाही ऋषी व्हायला एक दुर्मिळ पोथी लागते. एका बिनकामाच्या पात्रावर इतका वेळ विश्वास ठेवायला लावणारा नियम मला आजही फार आवडतो, आणि चांगली गोष्ट म्हणजे कुठल्याही रिमेकने त्याला हात लावलेला नाही.

आता शेवटाबद्दल बोलणं भाग आहे, कारण रिमेकचा सगळ्यात अवघड पेच तिथे आहे. ज्यांना गोष्ट कळायला नको आहे त्यांनी इथेच थांबा.

बारामोसला मारता, आलियाहानला परत येता, दरबारात जल्लोष, तुतारीवाले तुताऱ्या वाजवतायत, आणि अचानक वीज पडल्यासारखी होऊन ते सगळे जागेवर मरतात. झोमा नावाचा बारामोसचाही मालक बोलतो. आगीतून फुफाट्यात. एक प्रचंड खड्डा पडलेला असतो, त्यात उडी मारायची आणि खाली पोचता तर काळोखातलं दुसरं जग. आणि इथे १९८८ मध्ये मुलांच्या अंगावर काटा आला, कारण तो नकाशा त्यांच्या ओळखीचा होता. तो पहिल्या ड्रॅगन क्वेस्टचा आलेफगार्ड होता. तीच गावं, तेच संगीत. पहिल्या भागात ज्याचे तुम्ही वंशज असता तो पुराणातला वीर रोतो, ज्याला इंग्रजी आवृत्तीत अर्डरिक म्हणतात, तो दुसरा तिसरा कुणी नसून हा तुमचाच हिरो आहे, आणि झोमाला मारल्यावर ही पदवी तुम्हाला मिळते. म्हणजे तिसरा भाग हा पहिल्याच्या आधीची गोष्ट आहे, आणि हे शेवटपर्यंत कळू दिलेलं नाही. खाली उतरण्याआधी, वरच्या जगात एक ड्रॅगन राणी तुम्हाला प्रकाशाचा गोळा देते आणि अंडं मागे ठेवून मरते, त्या अंड्यातून पुढे कोण निघालं असेल हे पहिला भाग खेळलेल्याला आपोआप सुचतं.

पण हा धक्का बसायची एक अट आहे, पहिला भाग आधी खेळलेला हवा. १९८८ मधल्या मुलाने तो दोन वर्षांपूर्वीच खेळलेला असायचा. आज रिमेक करताना काय करायचं? १९८६ चा पहिला भाग आजच्या माणसाला फार छोटा आणि साधा वाटतो, त्याचा रिमेक आधी आणला तर लोक तिथेच कंटाळून सोडून देतील ही भीती. स्क्वेअर एनिक्सने २०२४ मध्ये तिसरा भाग आधी आणला आणि ३० ऑक्टोबर २०२५ ला पहिला आणि दुसरा एकत्र आणले. म्हणजे कथेतल्या घटनांचा क्रम धरला, बाजारात आले त्याचा नाही. जुना धक्का यात गेलाच, आलेफगार्डला पोचल्यावर नवीन खेळाडूला ते फक्त एक आणखी जग. मला याचं वाईट वाटलं आणि ते लपवत नाही. पण बदल्यात वेगळं काहीतरी मिळालं. पहिल्या भागात रोतोची गुहा आहे, तिथे रोतोने पुढच्या पिढीसाठी लिहून ठेवलेला शिलालेख सापडतो. मूळ क्रमाने खेळणाऱ्यासाठी तो कुणा जुन्या वीराचा निरोप होता. नव्या क्रमाने खेळणाऱ्यासाठी तो आपल्याच हिरोचा आहे. दोन्ही भागांच्या नव्या आवृत्तीत याच धाग्यावर बरीच नवी कथा घातलीय, दुसऱ्या भागात तर समुद्राखालचा प्रदेश आणि चौथी साथीदार म्हणून एक राजकन्याही आली. तेव्हा हरवलं ते थोडंफार भरून काढायचा प्रामाणिक प्रयत्न झालाय हे मान्य करायला हवं.

इथे तीन शब्द नीट समजून घेऊया कारण लोक ते सरमिसळ करून वापरतात. पोर्ट म्हणजे तोच गेम दुसऱ्या मशीनवर चालेल असा करणं. रिमास्टर म्हणजे आतला गेम तोच, चित्र आणि आवाज स्वच्छ केलेले. रिमेक म्हणजे गेम पायापासून परत बांधणं, आणि बांधताना निर्णय घेणं. १९९६ चा सुपर फॅमिकॉमवाला रिमेक होता. त्याने चोर हा नवा पेशा आणला, प्रत्येक पात्राला स्वभाव दिला आणि स्वभावाप्रमाणे ताकद कशी वाढेल हे ठरवलं. तुमचा स्वभाव ओळखायला सुरुवातीलाच स्वप्नात एक देवी प्रश्न विचारते, आणि ती सुरुवात मला फार सुंदर वाटते. फासे टाकून पुढे सरकायचे पटाचे खेळही त्यात होते, आणि गेम संपल्यावर एक छुपी गुहा, तिच्या शेवटी दैवी ड्रॅगन. त्याला ठरावीक फेऱ्यांत हरवलं तर तो इच्छा पूर्ण करतो, त्यातली एक म्हणजे ओर्तेगाला परत जिवंत करणं. मूळ गेममधला बाप मुलाला न ओळखताच मरतो, रिमेकने तो प्रसंग तसाच ठेवला आणि ज्याला सोसत नाही त्याच्यासाठी दूर कुठेतरी एक दार उघडं ठेवलं. गेम बॉय कलरवाल्याने हे सगळं छोट्या पडद्यावर बसवून आणखी एक गुहा जोडली. मोबाइल आणि २०१९ चा स्विच, हे मुख्यतः पोर्ट, त्यावर वेळ घालवत नाही.

सेव्हचा प्रकार मात्र सांगायलाच हवा. पहिल्या दोन भागांत सेव्ह नव्हतं, लांबलचक पासवर्ड कागदावर उतरवायचा, दुसऱ्या भागात तो ५२ अक्षरांपर्यंत जायचा, एक अक्षर चुकलं की सगळं गेलं. तिसऱ्यात कॅसेटमध्ये बॅटरी घातली आणि तीन सेव्ह ठेवता आले. पण ती बॅटरी भरवशाची नव्हती, कधीतरी मशीन चालू केलं की शापाची ती भयानक धून वाजायची आणि तुमची साहसाची वही पुसली गेली असा निरोप यायचा, तासन्‌तास खेळलेलं सगळं पाण्यात. जपानमध्ये त्या पिढीतल्या कुणालाही विचारा, ती धून आठवते. असला नाइलाज कुणालाच परत नकोय, २०२४ च्या रिमेकमध्ये आपोआप सेव्ह होतं.

तर २०२४ चा. याची चित्रशैली एचडी टूडी, २०१८ च्या ऑक्टोपॅथ ट्रॅव्हलर या गेमपासून स्क्वेअर एनिक्सने आणलेली. पात्रं जुन्या पद्धतीची, ठिपक्यांची, चपटी, पण ती ज्या जगात फिरतात ते खरंखुरं त्रिमितीय, पाण्यावर ऊन चमकतं, मागचं धूसर होतं, संध्याकाळी सावल्या लांब होतात. नुसतं सुंदर दिसावं म्हणून हे नाहीये. १९८८ मध्ये ठिपक्यांचं जंगल बघून खेळणाऱ्याचं डोकं उरलेलं जंगल स्वतः भरून काढायचं, आणि एचडी टूडीने पात्रं ठिपक्यांची ठेवून ती भरून काढायची जागा थोडी शिल्लक ठेवलीय. पूर्ण त्रिमितीय माणसं केली असती तर विदूषकाच्या टवाळक्या आणि एका ओळीचे संवाद त्यांच्या तोंडी शोभले नसते. संगीत ऑर्केस्ट्राने वाजवलेलं आहे. सुगियामा २०२१ मध्ये गेला, तोरियामा मार्च २०२४ मध्ये, हा रिमेक बाजारात यायच्या काही महिने आधी. तिघांपैकी होरीच तेवढा तो लोकांच्या हातात पडलेला पाहू शकला.

नियमांत काय बदललं? राक्षस पाळणारा हा नवा पेशा आला, आणि खरं सांगायचं तर तो जरा जास्तच ताकदवान आहे, त्याच्या एका हल्ल्यापुढे इतर पेशे फिके पडतात आणि शेवटी सगळेच खेळाडू आपल्या तिघा साथीदारांना थोडा वेळ तरी तो पेशा करायला लावतात. यामुळे कोण घेऊ कोण नको हा जो जुना विचार होता तो पातळ झाला, हे मला खटकतं. जुन्या रिंगणात राक्षसांच्या झुंजींवर पैसे लावायचे, आता तुम्ही स्वतः गोळा केलेले राक्षस तिथे लढवता, हा बदल छान. फाशांचे पटाचे खेळ काढून टाकले, १९९६ वाल्यांना ते चुकचुकल्यासारखं वाटतं. ओर्तेगाच्या प्रवासाचे नवे प्रसंग घातले, ते मात्र मनापासून लिहिलेत. अवघडपणाच्या तीन पायऱ्या आहेत, सगळ्यात सोप्या पायरीवर तर तुमचं कुणी मरतच नाही.

आणि पुढे कुठे जायचं हे दाखवणारी खूण. हा खरा वादाचा मुद्दा. नोकरी करून रात्री अर्धा तास खेळणाऱ्याला चार दिवसांनी परत आल्यावर कोण काय म्हणालं होतं ते आठवत नाही, त्याच्यासाठी ती खूण म्हणजे आधार आहे आणि कुणी ती वापरली म्हणून नाक मुरडायचं कारण नाही. पण गावकऱ्यांची अर्धी अर्धी वाक्यं जोडून आपणच उत्तर काढणं हा या गेमचा गाभा आहे, जागा कमी होती म्हणून लागलेली सवय असली तरी आता तो गाभा आहे. खूण बघून टेडॉनला गेलात तर तुम्ही एका ठिपक्याकडे जाता, गावाकडे नाही. म्हणून ती बंद करायची सोय ठेवलीय हे फार बरं केलं. सेटिंगमध्ये जाऊन ती बंद करा, जहाज मिळेपर्यंत तरी. संवादांतलं महत्त्वाचं लक्षात ठेवायची सोय गेममध्येच आहे, तेवढी पुरते.

कुठून सुरुवात करायची असं विचारणारे बरेच असतात. वेळ असेल तर पहिला भाग जुन्या मोबाइल आवृत्तीत खेळा, छोटा आहे, काही संध्याकाळींत संपतो, दिसायला साधा आहे त्याची सवय होते. मग २०२४ चा तिसरा. असं केलंत तर तो खड्ड्यात उडी मारल्यानंतरचा धक्का तुम्हाला जवळपास तसाच मिळेल जसा १९८८ मध्ये मिळाला होता, आणि वर हे सगळं वाचूनही मिळेल, कारण नकाशा ओळखीचा वाटणं ही वाचून होणारी गोष्ट नाही, तिथली वाट आधी पायाखालून गेलेली लागते. पुढे २०२५ ची पहिल्या दुसऱ्याची जोडी घ्या, पहिला भाग दुसऱ्यांदा होईल पण त्यात इतकं नवं घातलंय की पुनरावृत्ती वाटत नाही. वेळ नसेल तर थेट २०२४ चा तिसरा घ्या, मधल्या पायरीवर खेळा, चौघांत एक विदूषक घ्या आणि त्याला २० व्या लेव्हलपर्यंत सोडू नका.